दिवा हिरवा, तरी नेट नाही: स्विचला जोडलेला संगणक पुन्हा पुन्हा नेटवर्कबाहेर जातो तेव्हा

स्विचला, म्हणजे अनेक संगणकांच्या केबली एकत्र जोडणाऱ्या पेटीला, केबल लावली, दिवा हिरवा झाला, दोन दिवस सगळं सुरळीत चाललं. तिसऱ्या दिवशी सकाळी संगणक म्हणतो, नेटवर्क नाही. कुणीतरी उठून स्विचची पिन काढतं, दहापर्यंत मोजतं, पुन्हा लावतं आणि नेट येतं. सगळे कामाला लागतात. चार दिवसांनी पुन्हा तेच.

या बंद-चालूच्या उपायाबद्दल माझी तक्रार एकच आहे: तो लागू पडतो. लागू पडतो म्हणून कारण शोधायला कुणी बसत नाही. शिवाय पिन काढली की पुरावाही जातो. संगणकाने धरून ठेवलेला चुकीचा पत्ता सुटतो, स्विचने पाठ केलेली यादी कोरी होते, दोन टोकांनी आपसात ठरवलेला वेग नव्याने ठरतो. या तिन्हींपैकी गुण नेमका कशाने आला, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. मग ‘स्विचच खराब आहे’ असा निकाल लागतो, नवा स्विच येतो, आणि चार दिवसांनी नव्या स्विचची पिन काढली जाते.

हे मी शहाणपणाने सांगत नाही. नवा स्विच घ्यायला लावणारा एकदा मीच होतो. ते पुढे येईलच.

पिन काढण्याआधी दोन मिनिटं

पुढच्या वेळी नेट गेलं की हात मागे घ्या आणि आधी एवढं टिपून ठेवा. मोबाइलने फोटो काढलात तरी चालेल.

संगणकाच्या सॉकेटपाशी दिवा आहे का, आणि स्विचवर त्याच केबलचा दिवा आहे का. दोन्ही टोकं बघायची, एक नाही. स्विचवरचे बाकीचे दिवे काय करताहेत तेही बघा: आपापल्या लयीत लुकलुकताहेत, की सगळे एकदम, एका तालात?

मग कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा ‘ऑल’ जोडून चालवा. लिनक्सवर ‘आयपी ए’ आणि ‘आयपी आर’ (त्यांत पत्ता आणि गेटवे दिसतात, डीएचसीपी सर्व्हर दिसत नाही). त्यातल्या तीन ओळी हव्या आहेत: संगणकाचा आयपी पत्ता (नेटवर्कमधला त्याचा आकडी पत्ता), डीफॉल्ट गेटवे (बाहेर जायचं दार, बहुधा राउटर), आणि डीएचसीपी सर्व्हर (आयपी पत्ते वाटणारं यंत्र). ही तिसरी ओळ कुणी बघत नाही. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त तीच बोलते.

त्यानंतर गेटवेला पिंग करा, म्हणजे त्या आज्ञेने त्याला ‘आहेस का?’ अशी हाक मारा. उत्तर येतं का, एवढंच बघायचं. शेवटी शेजारच्या संगणकावर विचारा: तुमचं चालू आहे का? एकाचंच गेलंय की सगळ्यांचं, या एका उत्तराने निम्मा शोध संपतो.

हे झालं की खुशाल बंद-चालू करा. काम अडवून बसायचं नाही, फक्त पुरावा हातात ठेवून मग करायचं.

स्विचकडून नको ती अपेक्षा

बरेचसे घोळ इथून सुरू होतात, म्हणून थोडक्यात सांगतो. साधा स्विच कुणालाही आयपी पत्ता देत नाही. प्रत्येक नेटवर्क कार्डाला ४८ बिटांचा एक मॅक पत्ता असतो. कोणत्या पोर्टामागे कोणता मॅक पत्ता आहे, ही यादी स्विच स्वतःच ऐकून ऐकून तयार करतो आणि आलेलं पाकीट (माहितीचा तुकडा) ज्याचं त्याच्या पोर्टाला देतो. जुना हब सगळ्यांना सगळं ओरडून सांगायचा, स्विच ज्याचं त्याला देतो, एवढाच फरक. आयपी पत्ता वाटण्याचं काम राउटरचं, किंवा डीएचसीपी चालवणाऱ्या दुसऱ्या एखाद्या यंत्राचं.

म्हणून क्रम असा हवा: मोडेम, त्याला राउटर, राउटरच्या लॅन (आतल्या नेटवर्कच्या) पोर्टाला स्विच, आणि स्विचला संगणक. पुष्कळ जण मोडेमलाच थेट स्विच लावतात. त्या मोडेममध्ये राउटरही असेल तर अडचण नाही. पण तो नुसताच मोडेम असेल, तर सेवा देणारी कंपनी बहुधा एकच पत्ता देते. जो संगणक आधी चालू होईल त्याला तो मिळतो आणि दुसरा कोरडा राहतो. उद्या दुसरा आधी चालू झाला की पहिला कोरडा. ‘कधी याचं चालतं, कधी त्याचं, दोन्हींचं एकदम कधीच नाही’ हे ऐकलं की मी दुसरं काही न बघता मोडेमपाशी जातो. काही मोडेम तर पहिल्या दिसलेल्या मॅक पत्त्यालाच धरून बसतात आणि बंद-चालू केल्याशिवाय सोडत नाहीत. तिथे दोष स्विचचा नाही, मध्ये राउटरच नाही हा दोष आहे.

दिवाच लागत नाही, किंवा लागतो-विझतो

इथे आयपी पत्ते बघत बसू नका. तार जोडलेलीच नाही, तर पत्ता कुठून येणार?

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम इथे कडक पाळा. तीच केबल स्विचच्या दुसऱ्या पोर्टात, जो चालू आहे हे माहीत आहे त्यात लावून बघा. दिवा लागला तर पोर्ट संशयित. नाही लागला तर चालू संगणकाची केबल इकडे आणून लावा. आता लागला तर केबल दोषी, तरीही नाही लागला तर संगणकाचं कार्ड. केबल, पोर्ट आणि कार्ड एकदम बदलून ‘झालं एकदाचं’ म्हणणाऱ्याला पुढच्या वेळी पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागते.

पुन्हा पुन्हा येणाऱ्या बिघाडात केबलचा हात फार मोठा असतो, विशेषतः कनेक्टरची प्लॅस्टिकची क्लिप तुटलेली असेल तर. ती केबल आत बसते, पण टिकत नाही. खुर्ची सरकली, टेबल हललं, की अर्धा मिलिमीटर बाहेर. पुन्हा दाबली की चालू. क्लिप तुटलेली केबल दिसली की ती अजून चालते आहे का हे मी बघत नाही, नवा कनेक्टर लावतो.

हाताने क्रिम्प केलेल्या (कनेक्टर दाबून बसवलेल्या) केबलमध्ये एक फसवी चूक सापडते. केबलमध्ये आठ वायरी, पिळलेल्या चार जोड्या. नवखा माणूस एकेक जोडी सुटी करून ओळीने लावत जातो: केशरीची जोडी, मग हिरव्याची, मग निळ्याची, मग तपकिरीची. दोन्ही टोकांना तशीच. टेस्टर लावला की एक ते आठ दिवे ओळीने लागतात आणि टेस्टर म्हणतो, केबल उत्तम. पण १०० मेगाबिटचं नेटवर्क १-२ आणि ३-६ या पिनांच्या जोड्या वापरतं. ओळीने लावलेल्या केबलमध्ये तिसरी आणि सहावी पिन वेगवेगळ्या पिळांतल्या वायरींवर येते. पीळ असतो तो एकमेकींचा गोंगाट छाटायला. तो फायदाच गेला. आखूड केबल असेल तर चालून जातं, लांबी वाढली की पाकिटं गळायला लागतात, दिवा मात्र लागलेलाच. साधा टेस्टर फक्त वायर तुटलेली नाही एवढंच सांगतो, जोडी बरोबर आहे की नाही ते त्याला कळत नाही.

बरोबर क्रम असा: क्लिप पलीकडे, सोनेरी पट्ट्या वर आणि आपल्याकडे, डावीकडून उजवीकडे पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्याची जोडी फाकवून निळ्याच्या दोन्ही बाजूंना बसवलेली दिसते. ती चूक नाही, तीच खरी मेख आहे.

गिगाबिटला चारही जोड्या लागतात. त्यामुळे एखादी निळी किंवा तपकिरी वायर आतून तुटली तर काही कार्डं निमूटपणे १०० वर उतरतात, काही मात्र १००० साठी हट्टाने प्रयत्न करत राहतात. मग दिवा लागतो, विझतो, लागतो, विझतो. संगणकातला लिंकचा वेग बघा. स्विच आणि कार्ड दोन्ही गिगाबिटचे असताना १०० दिसत असेल, तर आधी केबलकडे बोट दाखवा.

लांबीची मर्यादा १०० मीटर, तीही भिंतीतली आणि टेबलावरची केबल धरून. भिंतीत घालायची केबल एकसंध तारेची असते. ती टेबलावर रोज वाकवली तर आतून तुटते. टेबलापासून सॉकेटपर्यंत बारीक तारांची लवचीक पॅचकॉर्डच वापरा. तांब्याचा नुसता मुलामा दिलेली ॲल्युमिनिअमची केबलही स्वस्त म्हणून मिळते. ती वाकवली की लवकर दगा देते.

आणि स्विचचा ॲडॉप्टर. छोट्या स्विचची पिन एकसारखी दिसते, पण कुणाला ५ व्होल्ट लागतात, कुणाला ९, कुणाला १२. साफसफाईत अदलाबदल झाली की स्विच चालू होतोही, पण भार वाढला की स्वतःहून पुन्हा सुरू होतो. जुना ॲडॉप्टर थकला तरी हेच. सगळे दिवे एकदम विझून एकदम लागत असतील, तर संगणक सोडा, ॲडॉप्टरवरचे आकडे स्विचवरच्या आकड्यांशी ताडून बघा. जुन्या पाच-आठ पोर्टांच्या स्विचांपैकी काहींवर ‘अपलिंक’ असं लिहिलेला एक पोर्ट असे. तो आणि शेजारचा पोर्ट आतून एकच. दोन्हींत केबल लावली तर त्यातली एक चालत नाही. अशी पेटी अजून वापरात असेल तर तेवढं बघून घ्या.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होतो

हा पत्ता कुणी दिलेला नाही. संगणकाने ‘कुणी आहे का, मला पत्ता द्या’ अशी हाक मारली, उत्तर आलं नाही, म्हणून त्याने स्वतःच एक पत्ता लावून घेतला. त्यासाठी १६९.२५४ चा अख्खा गट राखून ठेवलेला आहे. तो दिसला की अर्थ एकच: डीएचसीपीपर्यंत हाक पोहोचली नाही, किंवा उत्तर परत आलं नाही.

सगळ्याच संगणकांवर हा पत्ता असेल तर स्विचपासून राउटरकडे जाणारी केबल बघा. एकावरच असेल तर ही युक्ती करा: त्या संगणकाला हाताने पत्ता द्या. राउटर १९२.१६८.१.१ वर असेल, तर १९२.१६८.१.२४० सारखा, दुसऱ्या कुणाकडे नसलेला. मास्क २५५.२५५.२५५.०. आता राउटरला पिंग करा. उत्तर आलं तर केबल, पोर्ट, स्विच, कार्ड सगळे निर्दोष सुटले, आणि गडबड पत्ता वाटणाऱ्याकडे आहे. उत्तर नाही आलं तर मागच्या भागात परत जा.

चाचणी झाली की सेटिंग पुन्हा ‘आपोआप’ वर न्या. मी एकदा विसरलो होतो. काही महिन्यांनी राउटरने तोच पत्ता दुसऱ्याला दिला आणि दोन संगणक आळीपाळीने एकमेकांना नेटवर्कमधून ढकलू लागले. त्याचा शोध घ्यायला मलाच बोलावलं होतं.

पत्ता वाटणाऱ्याकडची नेहमीची अडचण म्हणजे साठा संपणं. राउटरमध्ये १०० ते १४९ एवढीच मर्यादा घातलेली असेल तर पत्ते झाले पन्नास. संगणक बारा असले तरी मोबाइल, छपाई यंत्र, कॅमेरे आणि येणारे-जाणारे पाहुणे मिळून पन्नास सहज भरतात, आणि एकदा दिलेला पत्ता मुदत संपेपर्यंत अडकून राहतो. मग गर्दीच्या दिवशी उशिरा आलेल्याला पत्ता मिळत नाही. राउटर बंद-चालू केला की अनेकदा त्याची वाटपाची वही कोरी होते, पत्ते मोकळे झाल्यासारखे दिसतात आणि सगळ्यांना वाटतं, बरं झालं. मर्यादा वाढवा आणि मुदत कमी करा.

व्यवस्थापित स्विच (ज्याची सेटिंग बदलता येते असा) असेल तर आणखी दोन शक्यता. एक, तो पोर्ट दुसऱ्याच व्हीलॅनमध्ये, म्हणजे त्याच स्विचवरच्या वेगळ्या आभासी नेटवर्कमध्ये, टाकलेला असणं. संगणक एका पोर्टात चालतो आणि शेजारच्यात नाही, तरी दिवा दोन्हीकडे, असं असेल तर हेच. दुसरी जरा मजेशीर आहे. स्पॅनिंग ट्रीची (केबलचं वर्तुळ टाळण्याची, ती पुढे येईल) जुनी पद्धत चालू असलेला स्विच नवा पोर्ट जागा झाला की लगेच वाट मोकळी करत नाही. १५ सेकंद ऐकतो, १५ सेकंद शिकतो, मग पाकिटं सोडतो. संगणक तोवर हाका मारून थकतो आणि १६९.२५४ लावून बसतो. विंडोज त्यानंतर दर पाच मिनिटांनी पुन्हा विचारतं. म्हणजे लक्षण असं दिसतं: सकाळी संगणक लावला की नेट नाही, चहा घेऊन आलं की आहे. लोकांना वाटतं संगणक ‘गरम व्हायला’ वेळ घेतो. ज्या पोर्टांना फक्त संगणक लागतात ते ‘एज’ किंवा ‘पोर्टफास्ट’ म्हणून खुणावले की ही वाट बघणं संपतं.

पत्ता मिळालाय, पण भलत्याच घरचा

आता माझी चूक. एका छोट्या कार्यालयात अकरा संगणक, सोळा पोर्टांचा एक स्विच, एक राउटर. आठवड्यातून एक-दोनदा कुणाचं ना कुणाचं नेट जायचं. कधी या टेबलावरचं, कधी त्या. दिवे सगळे व्यवस्थित. बंद-चालू केलं की यायचं, पण एक गोष्ट मला तेव्हाच खटकायला हवी होती: कधी एकदा बंद-चालू करून भागायचं, तर कधी तीनदा करावं लागायचं. खराब स्विच असा लहरी नसतो.

मी आधी केबली बदलल्या. मग एका संगणकाचं कार्ड. मग म्हणालो, स्विच बदला. बदलला. पुढच्याच आठवड्यात फोन.

त्या दिवशी पहिल्यांदा मी आयपीकॉन्फिगच्या सगळ्या ओळी वाचल्या. चालू संगणकांचे पत्ते १९२.१६८.१ ने सुरू होत होते. बंद पडलेल्याचा १९२.१६८.० ने. गेटवे १९२.१६८.०.१, आणि डीएचसीपी सर्व्हर म्हणूनही तोच. कार्यालयाच्या राउटरचा तो पत्ताच नव्हता. त्याला पिंग केलं तर झटकन उत्तर. म्हणजे याच नेटवर्कमध्ये दुसरं कुणीतरी पत्ते वाटत बसलं होतं.

मग शोध सोपा झाला. त्या पाहुण्या पत्त्याला अखंड पिंग लावून ठेवलं आणि स्विचवरून एकेक केबल काढत गेलो. नववी काढली आणि उत्तरं थांबली. केबल गेली होती आतल्या खोलीत. तिथे टेबलाखाली एक छोटा वायफाय राउटर. खोलीत मोबाइलला रेंज यावी म्हणून कुणीतरी घरून आणलेला, आणि भिंतीतली केबल त्याच्या लॅन पोर्टात खोचलेली. लॅन पोर्टात लावल्यावर तो पूर्ण नेटवर्कचा भाग होतो आणि त्याच्या आतला डीएचसीपी सगळ्यांना ऐकू जातो. संगणकाने हाक मारली की दोघंही ‘ओ’ देणार. ज्याचं उत्तर आधी पोहोचेल त्याचा पत्ता संगणक घेणार. मोठ्या राउटरचा घेतला तर नेट आहे. छोट्याचा घेतला तर गेटवे तोच, आणि त्याच्यापुढे वाटच नाही.

आठवड्यातून एक-दोनदाच का, याचंही उत्तर मिळालं. त्या खोलीतला माणूस रोज येत नसे, आणि जाताना बोर्डाचं बटण बंद करून जाई. तो ज्या दिवशी इतरांच्या आधी आला, त्या दिवशी संगणक चालू करणाऱ्यांपैकी कुणीतरी अडकायचं. त्याच्या स्वतःच्या मोबाइललाही कधी नेट मिळायचं, कधी नाही. त्याबद्दल तो मोबाइललाच नावं ठेवत होता.

आणि बंद-चालूने गुण का यायचा? स्विच बंद झाला की सगळ्या लिंका तुटतात. पुन्हा जुळल्या की प्रत्येक संगणक नव्याने विचारतो. नवा डाव, नवं नाणं. छापा पडला तर ठीक, काटा पडला तर पुन्हा पिन काढा. जुन्या स्विचचा काडीचाही दोष नव्हता.

असा छोटा राउटर ठेवायचाच असेल तर: त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन डीएचसीपी बंद करा, त्याचा स्वतःचा पत्ता मुख्य राउटरच्या गटातला पण वाटपाच्या मर्यादेबाहेरचा करा, आणि केबल लॅन पोर्टातच राहू द्या. ‘ॲक्सेस पॉइंट’ असा पर्याय असेल तर तो निवडला की हे सगळं एकदम होतं. अडकलेल्या संगणकांवर जुना पत्ता सोडून नवा मागून घ्या: आयपीकॉन्फिगची ‘रिलीज’ आणि मग ‘रिन्यू’.

सगळ्यांचंच एकदम जातं

सगळे दिवे एका तालात वेड्यासारखे लुकलुकताहेत आणि कुणाचंच काही चालत नाही, तर केबलचं वर्तुळ झालंय. एकाच केबलची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये, किंवा दोन स्विचांमध्ये दोन केबली. इथरनेटच्या पाकिटावर ‘एवढे टप्पे झाले की संपव’ असं काही लिहिलेलं नसतं. सगळ्यांसाठी म्हणून सोडलेलं एक पाकीट वर्तुळात सापडलं की फिरतच राहतं, प्रत्येक फेरीत त्याच्या नकला निघतात, आणि क्षणात सगळी तार त्यानेच भरते. यावर तोडगा म्हणून १९८५ मध्ये रेडिया पर्लमन यांनी स्पॅनिंग ट्रीची पद्धत शोधली. वर्तुळ करणारी वाट ओळखून ती मिटवून ठेवायची. पण साध्या, बिनव्यवस्थापित स्विचमध्ये ती सहसा नसते.

हे वर्तुळ मुद्दाम कुणी करत नाही. लोंबणारी केबल दिसली, मोकळा पोर्ट दिसला, नीटनेटक्या माणसाने लावून टाकली. टेबलावरचे नेटवर्क फोन हे दुसरं ठिकाण: त्यांना दोन पोर्ट असतात, एक भिंतीकडे, एक संगणकाकडे. दोन्ही भिंतीत लावले की वर्तुळ पूर्ण. एकेक केबल काढत जा. जी काढल्यावर दिव्यांचा थयथयाट थांबेल ती पकडा आणि तिचं दुसरं टोक कुठे जातं ते हाताने चाचपत बघा. अंदाजाने नको.

एकाच संगणकाचं, थोडा वेळ वापरला नाही की जातं

जेवून आलं की नेट नाही, असं असेल तर वीज वाचवण्याची सोय आडवी येते आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्ड उघडा. पॉवर मॅनेजमेंटमधली ‘वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या’ या अर्थाची खूण काढा. ॲडव्हान्स्डमध्ये ‘एनर्जी एफिशिएंट इथरनेट’ किंवा ‘ग्रीन इथरनेट’ असेल तर तेही बंद करा. या बचतीचं मानक २०१० सालचं. काही कार्डं आणि काही स्विच यांचं त्यावरून पटत नाही आणि लिंक मधूनच तुटते.

त्याच पानावर ‘स्पीड अँड डुप्लेक्स’ दिसेल. डुप्लेक्स म्हणजे दोन्ही टोकांनी एकाच वेळी बोलायचं (‘फुल’) की आळीपाळीने (‘हाफ’). ते ‘ऑटो’ च असू द्या. वेग वाढेल या आशेने कुणीतरी तिथे ‘१०० फुल’ ठोकून ठेवतं. मग समोरच्या ऑटो स्विचशी बोलणीच होत नाहीत. त्याला वेग ओळखता येतो, पण डुप्लेक्स कळत नाही, म्हणून तो नियमाप्रमाणे ‘हाफ’ धरतो. एक जण दुसऱ्याचं ऐकत ऐकतच बोलणार, दुसरा थांबून थांबून बोलणार. पिंग व्यवस्थित जातो, कारण पाकीट छोटं आणि एकटं. मोठी फाइल टाकली की रांगते. पिंग चालतो म्हणून नेटवर्क निर्दोष, असं म्हणणाऱ्यांना हे हमखास फसवतं.

पत्ता योग्य, गेटवे उत्तर देतो, बाहेरच्या आकडी पत्त्यालाही पिंग होतो, फक्त नावाने पानं उघडत नाहीत? मग डीएनएस, म्हणजे नावावरून आकडी पत्ता शोधून देणारी सोय, बघा. स्विचचा त्याच्याशी संबंध नाही.

काहीच जुळत नसेल तर

एका खिडकीत गेटवेला अखंड पिंग लावून द्या, विंडोजवर ‘टी’ चा पर्याय जोडून, आणि नेट गेल्याची वेळ कागदावर लिहीत जा. चार-पाच वेळा झाल्या की त्या एकमेकींशी बोलायला लागतात. दर वेळी चालू केल्यापासून साधारण तेवढ्याच तासांनी जात असेल, तर पत्त्याची मुदत तपासा. संगणक अर्धी मुदत झाली की ज्याने पत्ता दिला त्यालाच मुदतवाढ मागतो. नाही मिळाली तर साडेसत्याऐंशी टक्के मुदत झाल्यावर सगळ्यांनाच विचारतो. तरीही नाही, तर मुदत संपताच पत्ता सोडून देतो. चोवीस तासांची मुदत असेल तर बारा, एकवीस आणि चोवीस असा हिशोब. बरोबर चोवीस तासांनी पडणारा संगणक बारा तासांपूर्वीपासूनच अडचणीत असतो. वेळा एखादी मोठी मोटर किंवा लिफ्ट सुरू होण्याशी जुळल्या, तर केबल विजेच्या तारांना चिकटून जाते का ते बघा आणि तिची वाट बदला.

दुरुस्ती झाली असं वाटलं तरी लगेच घोषणा नको. बिघाड चार दिवसांनी येत असेल तर निदान दोन आठवडे वाट बघा, आणि त्या काळात दुसरं काहीही बदलू नका.

स्विच खरोखर खराब असतोच. तीच केबल, तोच संगणक दुसऱ्या स्विचवर तेवढेच दिवस निवांत चालला, किंवा बिघाड ठरावीक पोर्टांपाशीच घुटमळत राहिला आणि ॲडॉप्टर बदलूनही फरक पडला नाही, तर मग बदला. जुना टाकून देताना त्याचा ॲडॉप्टरही त्याच्याबरोबरच जाऊ द्या. तो खणात राहिला तर एक दिवस कुणीतरी नव्या स्विचला लावणार.